केंद्रीभूत फेरीपर्यंत थांबण्याचा निर्णय : चोपडा तालुक्यातील एका नर्सिंग प्रवेशाचे प्रकरण

हे प्रकरण चोपडा तालुक्यातील, सातपुड्याच्या पायथ्याजवळच्या एका गावातील विद्यार्थिनीचे आहे. शैक्षणिक वर्ष २०२४-२५ मध्ये तिला बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळाला. तिचे गुण असामान्य नव्हते आणि तिने धरलेली वाटही नवी नव्हती. तरीही ते सविस्तर लिहावेसे वाटले, कारण त्या वर्षीच्या जूनमध्ये तिच्या घरासमोर जो पेच उभा राहिला तो आमच्याकडे दरवर्षी कोणत्या ना कोणत्या घरासमोर उभा राहतोच. खासगी संस्था देऊ करीत असलेली जागा लगेच घेऊन मोकळे व्हावे, की गुण आणि पसंतिक्रमावरून जागा वाटणाऱ्या शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीची वाट पाहावी, असा तो पेच होता. मी तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो आणि प्रवेशाच्या दिवसांत मुलांच्या अर्जांचे काम ओघानेच माझ्याकडे येते. विद्यार्थिनीचे, गावाचे आणि संबंधित संस्थांची नावे मुद्दामच दिलेली नाहीत.

घर साडेतीन एकरांचे. विहिरीला पाणी आहे, पण ते फेब्रुवारीपर्यंतच पुरते, त्यामुळे केळीचा विचार कधी झाला नाही. कापूस आणि त्यामागून मका, एवढेच पीक. वडील, आई, आजी, ही मुलगी आणि नववीतला धाकटा भाऊ असे पाच जणांचे कुटुंब. प्रवर्ग इतर मागास. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाल्यावर २०२२ मध्ये तिने अकरावी विज्ञानाला प्रवेश घेतला आणि भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र हा गट निवडला.

नर्सिंगच का, हे तिला कोणी विचारले की ती काकूंचे नाव सांगे. काकू गावच्या आशा स्वयंसेविका. लसीकरणाच्या दिवशी त्यांच्याबरोबर उपकेंद्रात जाऊन बसण्याची तिला शाळेपासून सवय होती. तिथल्या सिस्टर लस टोचण्यापूर्वी प्रत्येक कुपी उजेडात धरून काय पाहतात, हे तिने एकदा विचारले होते. कुपीवरच्या लहानशा वर्तुळात एक चौकोन असतो. तो बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असेल तर लस वापरायची, वर्तुळाइतका गडद झाला असेल तर बाजूला ठेवायची, कारण वाटेत कुठेतरी तिला जास्त उष्णता लागलेली असते. क्षयरोगावरच्या बी.सी.जी. लसीची कुपी एकदा द्रावण घालून तयार केली की त्यावर वेळ लिहून ठेवतात आणि चार तासांनंतर उरलेली लस टाकून देतात. बारावीच्या प्रतिकारशक्तीच्या धड्यात यातले काहीही नाही, पण तो धडा शिकवताना वर्गात नेमके प्रश्न तिचेच येत. माझ्या मते नर्सिंगकडे वळणाऱ्या मुलीने अर्ज करण्यापूर्वी असे काही दिवस उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात काढावेत. काम आवडते की फक्त गणवेश आवडतो, हे तिथे लवकर कळते.

घरातून विरोध असा नव्हता. आजींचा प्रश्न एकच होता : “रातपाळीले पोर एकली कशी जाई?” नातेवाइकांचे बोलणे मात्र वेगळ्या वळणाचे होते. मुलगी विज्ञानाला आहे तर वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा देऊन पाहावी, नाहीच जमले तर नर्सिंग आहेच, असा त्यांचा सूर होता. डॉक्टर होता आले नाही म्हणून नर्स व्हायचे ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे आणि खासगी शिकवण्यांचे फलक तिला खतपाणी घालतात. या मुलीने ‘नीट’ दिली नाही. राज्यात बी.एस्सी. नर्सिंगसाठी सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची स्वतंत्र परीक्षा आहे, हे समजल्यावर तिने सगळा जोर त्याच परीक्षेवर ठेवला.

अभ्यासक्रमाची निवड

सुरुवातीला तिच्या डोळ्यांसमोर जी.एन.एम. (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) हाच पदविका अभ्यासक्रम होता. तो तीन वर्षांचा, त्यामुळे एक वर्ष आधी हाताशी नोकरी येईल, असा घरचा हिशेब. त्यात चूक काही नव्हती. शासकीय रुग्णालयांतील परिचारिकांच्या पदांना जी.एन.एम. आणि बी.एस्सी. दोन्ही चालतात. परंतु एम्सच्या नर्सिंग अधिकारी भरतीत बी.एस्सी. झालेल्या उमेदवाराला अनुभवाची अट नाही, तर जी.एन.एम. झालेल्याला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. शिवाय जी.एन.एम. नंतर पदवी हवी असेल तर पोस्ट बेसिक बी.एस्सी.ची दोन वर्षे आणखी द्यावी लागतात. म्हणजे आज वाचलेले एक वर्ष पुढे व्याजासकट फेडावे लागण्याची शक्यता होती. तरीही जी.एन.एम.चा पर्याय आम्ही सोडला नाही, बी.एस्सी.ची फेरी हुकली तर तो हाताशी असावा, एवढ्यासाठी तो दुसऱ्या क्रमांकावर ठेवला.

इथे एका तिसऱ्या वाटेचा उल्लेख करणे भाग आहे. तालुक्याच्या ठिकाणी सहा महिन्यांत किंवा वर्षभरात ‘नर्सिंग’चे प्रमाणपत्र देणारे वर्ग चालतात आणि ते बारावीच्या निकालाआधीच गावोगाव माहितीपत्रके वाटतात. नोंदणीकृत परिचारिका होण्यासाठी ए.एन.एम. (सहायक परिचारिका व प्रसाविका), जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. यांपैकी मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण करून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी व्हावी लागते. असल्या वर्गांच्या प्रमाणपत्रावर ती होत नाही. तिच्या वर्गातील एका मुलीच्या घरी असा प्रवेश जवळजवळ ठरलाच होता. संस्था पाहताना भारतीय परिचर्या परिषद, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल आणि, बी.एस्सी. असेल तर, नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, या तिन्ही ठिकाणच्या यादीत तिचे नाव आहे का एवढे जरी पाहिले तरी अर्धी फसवणूक टळते.

परीक्षेची तयारी

बी.एस्सी. नर्सिंगची प्रवेश परीक्षा १०० गुणांची, १०० प्रश्नांची आणि ९० मिनिटांची असते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग अभियोग्यता या पाच भागांना प्रत्येकी २० गुण आहेत आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. ही मांडणी नीट वाचली तर तयारीचा रोख आपोआप ठरतो. शंभरातले चाळीस गुण अशा दोन भागांचे आहेत, ज्यांना शिकवणीवाले हात लावत नाहीत, कारण त्यांचे सारे वर्ग नीट आणि अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेच्या हिशेबाने चालतात.

तिची खरी अडचण इंग्रजीची होती. अकरावीत विज्ञानाची पुस्तके इंग्रजीत आल्यावर मराठी माध्यमातील मुलांचे जे होते तेच तिचेही झाले. ‘मूत्रपिंड’ म्हटले की सगळे समजे, ‘रीनल’ म्हटले की थांबे. पहिल्या सहामाहीत ती परिच्छेद पाठ करून लिहीत असे आणि प्रश्न थोडा फिरवून विचारला की कोरा कागद देत असे. त्यावर उपाय म्हणून तिने पुस्तकाच्या समासात प्रत्येक अवयवाचे व क्रियेचे मराठी नाव लिहिण्याऐवजी एक वेगळी वही केली. डाव्या पानावर आकृती, उजव्या पानावर त्या आकृतीविषयी स्वतःची पाच-सहा इंग्रजी वाक्ये. व्याकरण कच्चे राहिले तरी चालेल, वाक्य स्वतःचे हवे, एवढीच अट होती. बारावीच्या दिवाळीपर्यंत ही वही भरली आणि तिच्या इंग्रजीच्या गुणांत फरक दिसू लागला. प्रवेशानंतरही याचा उपयोग होतो, कारण भारतीय परिचर्या परिषदेच्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्याच सत्रात इंग्रजी संभाषण, शरीररचना, शरीरक्रिया, समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि परिचर्येची मूलतत्त्वे असे विषय एकदम अंगावर येतात.

अभियोग्यतेच्या भागात बहुतेक प्रसंग देऊन प्रश्न विचारतात. रुग्ण औषध घ्यायला नकार देतो आहे, नातेवाईक आरडाओरडा करीत आहेत, रुग्णाने सांगितलेली खासगी गोष्ट शेजारीण विचारते आहे. अशा वेळी आधी काय कराल, असे त्यांचे स्वरूप असते. या भागासाठी आम्ही बाजारातील मार्गदर्शक पुस्तकापेक्षा उपकेंद्रातल्या प्रसंगांवर बोलणे पसंत केले. आमच्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आहेत; आदिवासी पाड्यांवर तपासणीची शिबिरे होतात. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येते, हे बारावीच्या आनुवंशिकतेच्या धड्यात असतेच. पण ‘तुम्ही वाहक आहात’ हे लग्न ठरलेल्या मुलीला कोणासमोर आणि कसे सांगायचे, हा प्रश्न धड्यात नाही, आणि अभियोग्यता म्हणतात ती याच प्रश्नात दिसते.

भौतिकशास्त्राबाबत तिने व्यवहारी भूमिका घेतली. एका प्रश्नाला सरासरी ५४ सेकंद मिळतात. त्यात लांब आकडेमोडीची गणिते बसत नाहीत. ती शेवटी ठेवायची, आधी जीवशास्त्र, अभियोग्यता आणि इंग्रजी संपवायचे, आणि गुण कापले जात नसल्याने एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही, असे ठरले. परीक्षा संगणकावर होणार होती आणि तिने माऊस क्वचितच हाताळला होता. महाविद्यालयाच्या संगणक कक्षात शनिवारी दुपारी सराव करू दिला, तेव्हा तिचा पहिला सराव पेपर अर्धाच झाला. उत्तरे येत होती, पण पुढच्या प्रश्नावर जाण्याआधी उत्तर जतन करण्याची कळ दाबायचे राहून जात होते. हे जळगावच्या केंद्रावर जाण्यापूर्वी लक्षात आले, ते बरे झाले.

बारावीचा निकाल २१ मे २०२४ रोजी लागला. तीन विषयांच्या गटात किमान गुणांची अट ती आरामात पार करीत होती. त्याच महिन्यात तिने प्रवेश परीक्षाही दिली. गुण मध्यम आले. शासकीय महाविद्यालयाची आशा धरावी इतके नव्हते, खासगी विनाअनुदानित महाविद्यालयातील शासकीय कोट्याच्या जागेसाठी मात्र पुरेसे वाटत होते.

आजोबांची शाळा

अभ्यासापेक्षा जास्त काळ जिने घेतला ती गोष्ट म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. राखीव प्रवर्गातून प्रवेश घ्यायचा तर नुसता जातीचा दाखला पुरत नाही. जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून तो वैध ठरवून घ्यावा लागतो. इतर मागास वर्गासाठी कुटुंबाचे १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे महाराष्ट्रातील वास्तव्य आणि जातीची नोंद दाखवावी लागते. अनुसूचित जाती व विमुक्त-भटक्यांसाठी ही तारीख त्याहूनही मागची आहे. ज्या घरात पणजोबा-आजोबांपैकी कोणीच शाळेत गेलेले नाही, तिथे हा पुरावा कोतवालाच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत शोधावा लागतो, आणि ती वही तहसीलच्या अभिलेख कक्षात कुठल्या गठ्ठ्यात असेल हे सांगणारा माणूस भेटेल तो दिवस भाग्याचा.

या मुलीचे आजोबा चौथीपर्यंत शिकले होते, ही जमेची बाजू. ते १९६१ मध्ये गावच्या शाळेत दाखल झाले होते. मुख्याध्यापकांनी कपाटातून जुने प्रवेश-निर्गम रजिस्टर काढले तेव्हा त्याच्या पुठ्ठ्यावर ‘पूर्व खानदेश’ असा शिक्का होता, कारण जळगाव हे जिल्ह्याचे नाव १९६० पासूनचे आणि रजिस्टर त्याआधी सुरू झालेले. आतल्या पानाचा उजवा कोपरा उंदराने खाल्लेला, शाई तपकिरी झालेली, पण ओळ शाबूत होती : मुलाचे नाव, वडिलांचे नाव, जात माळी, जन्मतारखेच्या रकान्यात केवळ वर्ष. अडचण एकच होती. आडनावाचा रकाना रिकामा होता आणि पुढच्या पिढीने लावलेले ‘महाजन’ हे आडनाव त्या ओळीत कुठेच नव्हते. आपल्या भागात माळी समाजात हे आडनाव सर्रास आहे, गावात ते कोणालाही वेगळे वाटत नाही. कागदावर मात्र आजोबा आणि वडील ही दोन निराळ्या घरांतली माणसे दिसत होती.

अर्ज बारावीच्या सुरुवातीलाच, ऑगस्ट २०२३ मध्ये, महाविद्यालयाच्या शिफारसपत्रासह केला होता. हिवाळ्यात समितीकडून त्रुटी कळवली गेली ती नेमकी या आडनावाची. मग वडिलांनी वंशावळ प्रतिज्ञापत्रावर करून दिली, आजोबांच्या नावावरच्या जमिनीचे जुने फेरफार काढले, आणि सर्वांत उपयोगी पडले ते चुलत काकांचे वैधता प्रमाणपत्र. रक्ताच्या नात्यातील एखाद्याला आधी वैधता मिळालेली असेल आणि वंशावळीत तो दाखवता येत असेल, तर काम पुष्कळ सोपे होते. हे काका धुळ्याला नोकरीस आहेत आणि दोन्ही घरांत बांधावरून बोलणे बंद होते. प्रमाणपत्राची प्रत मागायला शेवटी आजीच गेल्या. त्यांच्या शब्दाला काकांनी नाही म्हटले नाही.

तोवर निवडणुकीची आचारसंहिता लागली होती. १६ मार्चपासून महसूल विभागाचे कर्मचारी लोकसभेच्या कामात गुंतले आणि आमच्याकडे १३ मे रोजी मतदान होईपर्यंत तहसीलमधील दाखल्यांचे काम रेंगाळले. वैधता प्रमाणपत्र हाती पडले तेव्हा बारावीची परीक्षा संपून गेली होती. उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचा (नॉन क्रीमी लेयर) दाखला त्याहून उशिरा आला. त्यातही तो पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावा लागतो. वडिलांनी धाकट्याच्या कामासाठी मागे काढलेला दाखला चालेल असे घरच्यांना वाटत होते, पण त्याची मुदत संपलेली होती. अधिवास, उत्पन्न आणि वैद्यकीय पात्रतेचे दाखले फारसा त्रास न देता मिळाले. वैधतेसाठी मुदतवाढीच्या सवलती शासन काही वर्षी देते, हे खरे. परंतु सवलत येईल या भरवशावर अर्ज बारावीनंतर करणाऱ्यांची धावपळ आम्ही पाहत आलो आहोत, आणि ती कोणाच्या वाट्याला येऊ नये.

जूनमधील पेच

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका खासगी नर्सिंग महाविद्यालयाच्या वतीने एक गृहस्थ घरी आले. संस्था मान्यताप्राप्त होती, त्यामुळे प्रश्न बनावटपणाचा नव्हता. संस्थेच्या स्वतःच्या कोट्यातील जागा आत्ताच निश्चित करता येईल, वार्षिक शुल्क लाखाच्या पुढे, त्यातील काही रक्कम आणि मुलीची मूळ कागदपत्रे आठ दिवसांत जमा करायची, असा त्यांचा प्रस्ताव होता. “भाऊ, फेरीचं काही खरं नाही. यादी लागेपर्यंत दिवाळी येते आणि तोवर आमच्याकडंही जागा उरत नाही,” असे त्यांनी वडिलांना सांगितले. त्यातला पहिला भाग अगदीच खोटा नव्हता. नर्सिंगच्या फेऱ्या लांबतात, हे सर्वांना ठाऊक आहे.

वडील दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात आले. पैशांची तजवीज कशी करणार, असे विचारले तेव्हा त्यांनी घरातला कापूस विकायचा विचार सांगितला. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,०२० रुपये होता आणि भाव वाढेल या आशेने खान्देशातल्या पुष्कळ शेतकऱ्यांप्रमाणे त्यांनीही माल घरातच ठेवला होता. एका खोलीत छतापर्यंत कापूस होता; मुलगी अभ्यासाला बसे तीही खोली तीच, आणि त्यातल्या किडींमुळे तिच्या हातांवर पुरळ उठत असे. तो सगळा कापूस विकूनही पहिल्या वर्षाचेच भागत होते. पुढच्या तीन वर्षांसाठी शैक्षणिक कर्ज घ्यावे लागणार होते. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला सहसा तारण मागत नाहीत, हे त्यांना बँकेतून कळले होते आणि त्यामुळे प्रस्ताव त्यांना शक्य कोटीतला वाटू लागला होता.

आम्ही दोन्ही बाजू कागदावर मांडल्या. केंद्रीभूत फेरीतून जागा मिळाली तर इतर मागास वर्गातील विद्यार्थिनीला शिक्षण शुल्काच्या निम्म्या भागाची सवलत मिळण्याचा मार्ग तेव्हाही होता. संस्थास्तरावर घेतलेल्या प्रवेशाला ती सवलत नव्हती. म्हणजे आज मिळणारी निश्चिती चार वर्षांच्या पूर्ण शुल्काच्या भावाने विकत घ्यायची होती. दुसरे असे की, मूळ कागदपत्रे एकदा संस्थेच्या ताब्यात गेली की फेरीत नंबर लागल्यावर ती वेळेत परत मिळवणे हा वेगळाच झगडा होऊन बसतो. कायदा काहीही म्हणो, प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी चोपड्याच्या शेतकऱ्याने कोणाकडे दाद मागायची? तिसरी बाजू प्रस्तावाच्या बाजूची होती आणि तीही आम्ही प्रामाणिकपणे मांडली. फेरीत तिचा नंबर लागेलच अशी हमी कोणी देऊ शकत नव्हते, आणि नाही लागला तर वर्ष वाया जाण्याची किंवा जी.एन.एम. स्वीकारण्याची तयारी ठेवावी लागणार होती.

वडिलांचा कल प्रस्ताव स्वीकारण्याकडे होता आणि मी त्यांना दोष देणार नाही. अनिश्चितता शेतात असतेच, ती घरातही का ओढवून घ्यायची, हा त्यांचा विचार समजण्यासारखा होता. निर्णय फिरवला तो मुलीने. तिचे म्हणणे असे होते की, कागद सगळे तयार आहेत, वैधता हातात आहे, गुण मागच्या वर्षीच्या यादीतल्या शेवटच्या जागांच्या वर आहेत. मग घाबरण्यासारखे यात काय आहे? जी.एन.एम. मिळाले तरी ती जाईल, पण भावाच्या बारावीच्या वर्षी घरावर तिचे कर्ज नको. भाऊ तेव्हा नववीत गेला होता, त्याच्या बारावीला तिचे शेवटचे वर्ष चालू असणार होते. हा हिशेब आमच्यापैकी कोणीच केलेला नव्हता. आठ दिवसांची मुदत तशीच जाऊ दिली. त्या गृहस्थांचे फोन आणखी काही दिवस येत राहिले, दर वेळी थोड्या कमी रकमेसह, आणि त्यावरूनच जागा खरोखर संपत आल्या नव्हत्या हे उघड झाले.

८ जुलै २०२४ रोजी शासन निर्णय निघाला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्ग यांतील, आठ लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची सवलत पन्नास टक्क्यांऐवजी शंभर टक्के झाली. अट तीच राहिली : प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा, व्यवस्थापन कोट्यातील व संस्थास्तरावरील प्रवेश वगळून. जूनमध्ये थांबण्याचा निर्णय घेताना हे आम्हाला माहीत नव्हते आणि त्या निर्णयाचे श्रेय या शासन निर्णयाला देणे योग्य होणार नाही. निम्म्या सवलतीच्या हिशेबानेही थांबणेच बरोबर होते. मात्र त्या आठवड्यात ज्या दोन घरांनी संस्थास्तरावर पैसे भरले होते, त्यांची अवस्था पाहवत नव्हती.

पसंतिक्रम आणि प्रवेश

पसंतिक्रम भरताना घरची इच्छा जळगाव आणि धुळे आधी टाकण्याची होती, म्हणजे सणावाराला एस.टी.ने येता येईल. ते मान्य केले, पण सरसकट नव्हे. नर्सिंगचे शिक्षण अर्ध्याहून अधिक रुग्णालयात होते. ज्या महाविद्यालयाचे स्वतःचे रुग्णालय खरोखर भरलेले असते तिथे मुलीचा हात बसतो, आणि जिथे विद्यार्थिनींना रोज बसमध्ये घालून दुसरीकडे न्यावे लागते तिथे निम्मा दिवस रस्त्यात जातो. म्हणून ओळखीच्या माजी विद्यार्थिनींना विचारून प्रत्येक महाविद्यालयाच्या रुग्णालयात प्रत्यक्षात किती खाटा भरलेल्या असतात, प्रसूती कक्षात विद्यार्थिनींना काम करू देतात का, वसतिगृह आवारातच आहे का, याची टिपणे केली. आजींच्या रातपाळीच्या प्रश्नाचे उत्तरही यातच होते. वसतिगृह रुग्णालयाच्या आवारात असेल तर रात्री रस्त्यावर यावे लागत नाही. मुंबईतील शासकीय संस्था, लागण्याची शक्यता नसतानाही, यादीच्या अगदी वर ठेवल्या. यादीत वर लिहिल्याने काही जात नाही, न लिहिल्याने मात्र जाऊ शकते.

पहिल्या फेरीत नाव आले नाही. घरात चार दिवस कोणी कोणाशी फारसे बोलले नाही, असे तिने नंतर सांगितले. दुसऱ्या फेरीत नाशिक जिल्ह्यातील एका खासगी विनाअनुदानित महाविद्यालयात जागा मिळाली. पसंतीच्या यादीत ते सहावे होते, रुग्णालय स्वतःचे आणि वसतिगृह आवारात. पडताळणीच्या वेळी एकही कागद परत आला नाही.

प्रवेशाच्या खिडकीवर मात्र पूर्ण शुल्काची मागणी झाली. सवलतीची रक्कम शासनाकडून आली की परत करू, असे सांगण्यात आले. वडिलांनी सोबत नेलेली शासन निर्णयाची प्रत दाखवली, थोडी वादावादी झाली आणि शेवटी अनामत, वसतिगृह व गणवेशाचे पैसे भरून प्रवेश झाला. या खर्चाला सवलत लागू नाही, त्यामुळे काही कापूस विकावा लागलाच, पण खोली रिकामी होण्याइतका नव्हे. शुल्क सवलतीसाठी शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवरचा अर्ज तिने पहिल्याच महिन्यात भरला. आधारशी जोडलेले बँक खाते वडिलांच्या नावाचे चालत नाही, विद्यार्थिनीच्या स्वतःच्या नावाचे लागते. तिचे खाते शाळेतल्या शिष्यवृत्तीच्या वेळचे, वर्षानुवर्षे व्यवहार नसल्याने बंद पडलेले होते. ते चालू करून घेण्यासाठी तिला एक दिवस गावी यावे लागले. हा अर्ज दरवर्षी नव्याने नूतनीकरण करून भरावा लागतो आणि त्यासाठी आधीच्या वर्षाचा निकाल जोडावा लागतो. दुसऱ्या वर्षाचा अर्ज तिने मला न विचारता भरला. बँकेने आधारजोडणी पुन्हा मागितली आहे का, एवढेच विचारायला तिचा फोन आला होता.